हात सोडला तरी जागेवर

२ फेब्रुवारी, रविवार

ही वही मूळची ऑफिसची. घरगुती यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत अठ्ठावीस वर्षं मी तक्रार विभाग सांभाळला. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि ही कोरी तक्रार-नोंदवही मी आपण होऊन उचलली. चार वर्षं कपाटात पडून होती. दुसऱ्यांच्या तक्रारी पुष्कळ लिहून घेतल्या, आता माझ्या लिहिते. उत्तर द्यायला इथे कोणी नाही. तिथेही फारसं कोणी नव्हतं.

पहिली नोंद भाच्याविरुद्ध. आज दुपारी आला, चहा प्यायला आणि हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसा म्हणाला, की दोन मार्चच्या रविवारी तो ताईला आपल्याकडे घेऊन जाणार. कायमची. त्याच्याकडे लिफ्ट आहे, दिवसभर एक बाई ठेवता येईल, आणि "धाकटी आत्या, तुझंही आता वय झालंय." मी चौसष्ट वर्षांची आहे. त्याची ढेरी माझ्या आधी म्हातारी होईल.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. माझं लग्न झालं नाही, तिचं टिकलं नाही. तेहतीस वर्षं आम्ही दोघी या घरात राहतोय. डिसेंबरात एका शनिवारी सकाळी ती हॉलमध्ये पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. मी बेसिनपाशी हात धुवत होते. मेण नखांतून लवकर निघत नाही, नाहीतर मी तिला सावरलं असतं. चक्कर आली, असं तिनेच सांगितलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, डॉक्टर म्हणतात चाला. ताई चालत नाही. खिडकीजवळच्या खुर्चीत बसते आणि रस्ता बघते.

भाच्याला ती काय म्हणाली? "बघू." ताईचं बघू म्हणजे होकार. तेहतीस वर्षांचं घर, आणि बघू.

५ फेब्रुवारी, बुधवार

व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या. त्यांच्या दवाखान्यात ताई वॉकर धरून अख्खा व्हरांडा चालते म्हणे. घरी चार पावलं टाकली, खाली बघितलं, हाताच्या तळव्यांना घाम फुटला, बसली. बाईंनी विचारलं, खाली चटई वगैरे काही अंथरता येईल का? मी सांगितलं की चटईत धूळ साठते, कडेला पाय अडकतो आणि माझ्या घरात तसलं काही नसतं. त्यांनी पिशवी आवरली. शहाण्या दिसतात.

चक्कर का आली, हे मात्र कोणालाच सांगता येत नाही. रक्त तपासलं, कान तपासले, डोक्याचा फोटो काढला. सगळं नॉर्मल. मग चक्कर काय हवेतून आली? मी तिला लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आहेत. ती तोंड वाकडं करून घेते.

८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी फरशी केली. दर शनिवारी करते, शाळेपासूनची सवय. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये शनिवारी मुलींनी कॉरिडॉरला मेण लावायचं, दोन्ही पायांखाली फडकी घेऊन घासायचं आणि खिडकीची चौकट खाली दिसली की थांबायचं. मदर पांढरा रुमाल टाकून बघायच्या. मला त्यासाठी पदक मिळालं होतं. ताईला शिक्षा मिळाली, कारण ती त्याच कॉरिडॉरमधून नुसत्या मोज्यांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत घसरत गेली आणि मदरच्या पोटाशी जाऊन थांबली. अजूनही मला चिडवायचं असलं की ती मला "मदर" म्हणते.

पण आज लिहायचं आहे ते वेगळंच. संध्याकाळी टीव्हीवर एक माणूस खोलीतल्या खोलीत तळहाताएवढा ड्रोन उडवत होता. दिव्याला वळसा, खुर्चीखालून बाहेर, पुस्तकांच्या वरून. मला तो प्रकार रिकामटेकडा वाटला. ताईकडे बघितलं तर तिचे दोन्ही अंगठे मांडीवर हलत होते. बारीक, नेमके, जणू काही हातात धरलं आहे.

ताई एकतीस वर्षं लोखंडाच्या कारखान्यात छताखालची क्रेन चालवत होती. कॉन्व्हेंटची मुलगी शिडीवरून काचेच्या खोक्यात चढते म्हणून वडील सहा महिने तिच्याशी बोलले नव्हते. दोन दांड्यांवर दहा-दहा टनांचे तुकडे ती माणसांच्या डोक्यांवरून न्यायची आणि बशीत कप ठेवावा तशी खाली ठेवायची.

सात आठवड्यांत तिचं बोट पहिल्यांदाच कशासाठी तरी हललं. ड्रोन आणायचा, हे मी तिथेच ठरवलं. तो घेऊन ती भाच्याकडे जाणार नाही. त्याचं घर सामानाने इतकं गच्च भरलंय की तिथे माशीलासुद्धा उडता येत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

ड्रोनचं दुकान एक बाई चालवतात. पंचेचाळिशीच्या असतील. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली आणि बोलताना ती काढून हवेत आकृत्या काढतात. मी त्यांना पेन्सिलबाई म्हणते, मनात. त्यांनी प्रश्नांची सरबत्तीच लावली. बाहेर उडवायचा की घरात? खोली केवढी? पंखा कुठे? उडवणार कोण? मी म्हटलं, पोलीस चौकशी संपली असेल तर वस्तू दाखवा. त्या म्हणाल्या, घरात उडवायचा तर हलका हवा, पंख्यांभोवती पूर्ण कडी हवी आणि वेग कमी हवा. मी अठ्ठावीस वर्षं यंत्रांच्या कंपनीत काढली आहेत. हलकं यंत्र म्हणजे पहिल्या महिन्यात तक्रार. मी सगळ्यात भक्कम उचलला.

घरी आणला. ताईने दांडा जेमतेम हलवला आणि तो गोळीसारखा सुटून माझ्या निरोपाच्या घड्याळात घुसला. काच फुटली, काटे पाच वाजून दहा मिनिटांवर थांबले. उरलेला ड्रोन पडद्यात शिरला. ताई म्हणाली, "ऑफिस सुटलं तुझं."

तिने विनोद केला. घड्याळ गेलं तरी चालेल.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पेन्सिलबाईंनी बदलून दिला. तोंडावर समाधान दिसत होतं, पण बोलून दाखवलं नाही, हे नोंदवायला हवं. दुसरा इवलासा, चारी पंख्यांना कडी, भिंतीवर आपटला तरी भिंतीला ओरखडा नाही. पण याची उंची सतत हाताने राखावी लागते. जरा बोट सैल झालं की खाली.

ताईने दोन वेळा उडवला आणि रिमोट माझ्या मांडीवर ठेवला. तिचं म्हणणं असं, की क्रेनचा दांडा सोडला की हुक असेल तिथे थांबायचा. म्हणून तर खाली माणसं निर्धास्त काम करायची. "हा सोडला की पडतो. असल्या गोष्टीवर कोण विश्वास ठेवेल? मला हात सोडला तरी जागेवर राहील असा हवा."

सात आठवड्यांत "मला हवा" असं ती पहिल्यांदाच म्हणाली. हे वाक्य मी जसंच्या तसं कागदावर लिहून दुकानात नेणार आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

नेलं. पेन्सिलबाईंनी कागद दोनदा वाचला आणि आतल्या खोलीतून तिसरा ड्रोन आणला. याच्या पोटाखाली डोळा आहे. तो डोळा सारखा जमीन बघत असतो आणि जमिनीच्या खुणांवरून स्वतःची जागा राखतो. दुकानात त्यांनी तो हवेत सोडला आणि रिमोट टेबलावर ठेवला. खिळ्याला टांगल्यासारखा उभा. मी खालून, वरून, बाजूने बघितलं. कुठेही दोरा नव्हता.

घरी आणला तर हॉलमध्ये हा झिंगल्यासारखा. ताईने हात सोडले की डावीकडे घरंगळत जातो, थांबतो, मग उजवीकडे. दोनदा टीपॉयच्या पायात. ताई म्हणाली, "नको. राहू दे." आणि परत खिडकीकडे तोंड.

एक मासला सांगते या यंत्राच्या खोडसाळपणाचा. आतल्या खोलीत ताईच्या पलंगावर चौकड्यांची घोंगडी आहे, तिच्यावर तो अगदी स्थिर उभा राहतो. हॉलमध्ये आणला की नाटकं. मी पहिलं तक्रारपत्र लिहिलं. तक्रार कशी लिहिली म्हणजे समोरच्याची झोप उडते, हे मला ठाऊक आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

नवा नग आला. तोच दोष. दुसरं तक्रारपत्र, दीड पान. माझी पत्रं पाठवायच्या आधी मी ताईला वाचून दाखवते. ती ऑफिसातल्या दिवसांपासूनची रीत आहे. ती तिखट जागी थोडं पाणी घालते. आज तिने काहीच बदललं नाही. नुसती म्हणाली, "त्या बाईला एकदा घरी बोलाव. तिला बघू दे."

काय बघू दे, ते सांगितलं नाही.

भाच्याचा फोन. ताईची बॅग भरायला घ्यायची का? मी विचारलं, तुझ्याकडे सोफा किती आहेत? तो म्हणाला, तीन, का? मी फोन ठेवला.

२२ फेब्रुवारी, शनिवार

फरशी करून झाली आणि पेन्सिलबाई आल्या. चांगलं ऊन होतं, हॉल आरशासारखा दिसत होता. त्यांनी दारात बूट काढले, आत दुसरं पाऊल टाकलं आणि त्यांचा पाय सटकला. टेबल धरलं म्हणून वाचल्या. हल्ली मोजे फार हलक्या प्रतीचे मिळतात.

त्यांनी ड्रोन उडवला. तो घरंगळला. त्यांनी खाली बघितलं, गुडघ्यावर बसल्या, फरशीवर तळहात फिरवला आणि माझ्याकडे कालचं वर्तमानपत्र मागितलं. सुटी पानं पसरली आणि चिकटपट्टीने कडा दाबल्या. ड्रोन त्यांच्यावर नेला, हात सोडले. खिळ्याला टांगल्यासारखा.

त्यांचं म्हणणं असं: डोळ्याला खुणा लागतात. रेघा, ठिपके, काहीतरी. या फरशीत त्याला फक्त उजेड आणि छत दिसतं. पकडायला काहीच नाही, म्हणून तो सुटतो. "ड्रोन चांगला आहे मॅडम. फरशी फार गुळगुळीत आहे."

मी त्यांना सांगितलं की बावन्न वर्षांत कोणी माझ्या फरशीबद्दल तक्रार केलेली नाही. मी ताईकडे बघितलं, तिने माझी बाजू घ्यावी म्हणून. ती खिडकीतून बाहेर बघत होती. तिचा कान लाल झाला होता. तिला माझ्यासाठी राग आला असणार.

पेन्सिलबाई जाताना म्हणाल्या, चटया अंथरा, वेगवेगळ्या नक्षीच्या, आणि कडा चांगल्या चिकटवा, नाहीतर पंख्यांच्या वाऱ्याने उडतील. मी म्हटलं, विचार करीन. मी अजिबात करणार नव्हते.

२३ फेब्रुवारी, रविवार

केला. आठ दिवस उरले आहेत म्हणून केला, फरशीत दोष आहे म्हणून नव्हे.

माळ्यावरून पट्ट्यापट्ट्यांची सतरंजी काढली. जुना फुलांचा पडदा, तीन पायपुसणी, ताईच्या कारखान्यातली एक जाड रबरी चटई, तिच्यावर गोल गोल ठसे. शेजारणीकडून हिरवी चटई. सगळ्यांच्या कडा रुंद पट्टीने फरशीला दाबल्या. मदर जिवंत असत्या तर माझं पदक परत मागितलं असतं. हॉल असा दिसतो, की घर सोडून जाणाऱ्यांचा लिलाव चाललाय.

खुर्चीपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत सगळं भरलं. दारापुढचा तुकडा तेवढा राहिला, पायपुसणी संपली.

ताईने उडवला. खुर्चीतून उठला, सतरंजीवर आला, पडद्याच्या फुलांवर आला. तिने दोन्ही अंगठे उचलले. तो थांबला. ती बघत राहिली. मग हसली, मोठ्याने, क्रेनवरून खालच्या माणसांना ऐकू जावं असं. बॅटरी सात मिनिटं चालते. आज आम्ही ती पाच वेळा चार्ज केली. मीही उडवून बघितला. मला येत नाही. ताई म्हणते, मी दांड्याला हुकूम देते. दांड्याला विचारायचं असतं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

मी मागे कपडे वाळत घालत होते. आत आले तर ताई खुर्चीत, रिमोट मांडीवर, ड्रोन शेजारच्या स्टुलावर. सगळं जागच्या जागी. पण मी जाताना ड्रोन स्वयंपाकघराच्या अलीकडे, हिरव्या चटईच्या टोकाला पडला होता, बॅटरी संपून. मीच म्हटलं होतं, आल्यावर उचलते.

विचारलं, हा इथे कसा आला? ताई म्हणाली, उडत. मी ड्रोन सुरू करून बघितला. मेलेला. आणि वॉकर आतल्या खोलीत होता.

खुर्चीपासून तिथपर्यंत अकरा पावलं होतात. मी मोजली. जाऊन येऊन बावीस.

ड्रोनने करून दाखवलं, एवढंच मनात म्हटलं. व्यायामवाल्या बाईंना आणि सगळ्या गोळ्यांना जमलं नाही ते साडेतीन बोटांच्या खेळण्याने केलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज मी तिथेच बसून बघितलं. ड्रोन हिरव्या चटईवर उतरला. ताई उठली. एक हात खुर्चीच्या पाठीवर, मग हात नाही. सतरंजी, पडदा, रबरी चटई. खाली न बघता, चांगल्या दमदार पावलांनी चालत गेली. ड्रोन उचलला आणि तशीच पुढे पाणी प्यायला निघाली.

दारापुढचा तो उघडा तुकडा आला आणि ती थांबली. पाण्याच्या कडेला माणूस थांबतं तशी. बोटं आपोआप भिंतीकडे गेली.

मी उठून माझी शाल त्या तुकड्यावर टाकली आणि तिच्यावर पाय रोवून उभी राहिले. ती माझ्या खांद्यावर हात ठेवून पलीकडे गेली. पाणी प्यायली.

आज मला जास्त लिहायचं नाही. तो शनिवार होता. नखांत मेण होतं, हे मीच या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे.

१ मार्च, शनिवार

फरशी केली नाही.

त्याऐवजी दुकानाला पत्र लिहिलं. अठ्ठावीस वर्षांत तक्रार मागे घेणारी पत्रं मी फक्त तीन बघितली. चौथं लिहायला सकाळ गेली. रीतीप्रमाणे ताईला वाचून दाखवलं. "माझ्या दोन्ही तक्रारी मी मागे घेत आहे. दोष वस्तूत नव्हता. दोष फरशीत होता, आणि ती फरशी मी केली होती. जिला त्रास झाला तिने तो मुकाट्याने सोसला, हे मला उशिरा कळलं. दिलगीर आहे."

ताई म्हणाली, शेवटून दुसरं वाक्य दुकानाला समजणार नाही. मी म्हटलं, असू दे. मग घसा साफ केला आणि विचारलं.

"त्या दिवशी तुला चक्कर आली होती का?"

ती बराच वेळ रिमोटची बॅटरी बसवत होती. नीट बसलेली बॅटरी.

"काय गं मदर, माझी तक्रार आली होती का तुझ्याकडे?"

"नाही."

"मग उत्तर कसलं देतेस?"

मी डोळे पुसले. ती म्हणाली, घसरायची तिला लहानपणापासून आवड आहे, वेळ तेवढी चुकली. आणि त्या लोहाच्या गोळ्या आजपासून बंद. त्यांनी पोटाची वाट लावली आहे.

मग तिने सांगितलं की भाच्याला होकार का दिला. या घरात राहूनही ती चालत नाही म्हटल्यावर मी कारण शोधत बसले असते, आणि कारण कधीतरी सापडलं असतं.

मेणाचा डबा मी कचऱ्यात टाकला. परत काढला. नीट झाकण लावून टाकला.

२ मार्च, रविवार

भाचा अकरा वाजता आला, रिकामी बॅग घेऊन. हॉल बघून दारातच थबकला. मला वाटलं काहीतरी बोलेल. मी उत्तर तयार ठेवलं होतं, वाया गेलं.

ताईने त्याला बसवलं आणि ड्रोन त्याच्या डोक्यावरून फिरवून त्याच्या चहाच्या कपाच्या बरोब्बर बाजूला आणला. मग रिमोट माझ्या हातात दिला. ड्रोन जागेवर.

"बघ," ती म्हणाली. "हात सोडला तरी जागेवर."

खुर्चीच्या हातांवर जोर देऊन ती उठली. उभी राहिली आणि दोन्ही हात सोडले. भाचा झटकन पुढे झाला. मी त्याला बाहीला धरून मागे ओढलं. ती एवढीशीही हलली नाही. मग सतरंजीवरून, फुलांवरून, नव्या लाल पायपुसण्यावरून स्वयंपाकघरात गेली आणि त्याच्यासाठी साखरेचा डबा घेऊन परत आली, कारण मी त्याचा चहा मुद्दाम अगोड केला होता.

त्याने साखर घालून चहा ढवळला. मग म्हणाला की तो दर रविवारी येत जाईल. ताई म्हणाली, "बघू."

बॅग रिकामीच परत गेली. जिन्याच्या दोन्ही बाजूंना कठडा लावून द्यायचं त्याने कबूल केलं आहे. कोणत्या रंगाचा, ते मी सांगणार.